साधे, पण मोक्याचे

मराठी माणूस हॉटेलात जातो तो चहा प्यायला. झोपायला तो लॉजवर ‘उतरतो’. हे ‘उतरणे’ आपल्या भाषेने फार विचारपूर्वक योजले आहे. घोड्यावरून उतरावे, गाडीतून उतरावे, त्याचप्रमाणे घरच्या गादीवरून, घरच्या पाण्यावरून आणि थोडेफार स्वतःच्या इभ्रतीवरून खाली उतरून माणूस लॉजच्या खोलीत दाखल होतो. मुंबईहून परतलेल्या माणसाला शेजारी ‘कुठे राहिलात?’ असे विचारत नाहीत, ‘कुठे उतरला होतात?’ असे विचारतात. ‘लॉजवर’ असे उत्तर दिले की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर कणव आणि संशय एकाच वेळी उमटतात. “का हो, तिकडे तुमचं कोणीच नाही?”

आपल्याकडे कादंबरीची समीक्षा होते, नाटकाची होते, लग्नातल्या जेवणाची तर पंगत उठायच्या आत होते. पण ज्या लॉजच्या छताकडे बघत अर्ध्या महाराष्ट्राने मुंबईतल्या रात्री काढल्या, त्याच्यावर कोणा जाणकाराने चार ओळी खरडल्याचे माझ्या पाहण्यात नाही. ती उणीव भरून काढण्याचे मी योजले आहे. माझा अधिकार विचाराल तर मी बँकेत कारकून आहे, बी.कॉम. आहे, आणि मिरजेकडच्या शाखेतून गेली अठरा वर्षे हेड ऑफिसच्या कृपेने मुंबईला जातो आहे. कधी ट्रेनिंग, कधी परीक्षा, कधी नुसतेच ‘रेकॉर्ड घेऊन समक्ष यावे’. हॉल्टिंग अलाउन्स नावाच्या रकमेत माणसाला मुंबईच्या मध्यभागी किती फूट बाय किती फूट आडवे होता येते, या विषयावर मला पीएच.डी. मिळायला हरकत नाही. फक्त विद्यापीठाने व्हायव्हाला बोलावले तर मी उतरणार कुठे, एवढाच प्रश्न आहे.

प्रथम वर्गवारी. उतरण्याच्या जागा चार प्रकारच्या. खोली चांगली आणि जागाही मोक्याची, हा पहिला प्रकार. तिथे हेड ऑफिसचे पाहुणे उतरतात, आम्ही त्यांच्या बॅगा पोचवतो. खोली चांगली पण जागा आडबाजूची, हा दुसरा. तिथे आता आपले नातेवाईक राहतात. खोलीही वाईट आणि जागाही वाईट, हा तिसरा. त्याविषयी बोलू नये. राहता राहिला चौथा. खोली साधी, पण जागा अशी की दारातून बाहेर पाऊल टाकले की मुंबई पायाला लागावी. माझी समीक्षा या चौथ्या प्रकारापुरती आहे.

दुसऱ्या प्रकारात नातेवाईक आले ते उगाच नव्हे. एके काळी गिरगावात, दादरला नाहीतर लालबागला प्रत्येक मराठी माणसाचा एक काका असे. काकाच्या दोन खोल्यांत सात माणसे झोपत, आठवे आपण. गॅलरीत सतरंजी पडली की मुंबईतला मुक्काम फुकटात पडे. पुढे काकाच्या मुलांची लग्ने झाली, काका डोंबिवलीला गेला, डोंबिवली भरली तेव्हा धाकटा चुलतभाऊ बदलापूरला गेला. आता चुलतभावाकडे दोन बेडरूम आहेत, वहिनी आग्रहाची आहे, पोहे तर काय विचारता! फक्त तिथून मुंबई दिसत नाही. म्हणून माझ्या मते लॉज म्हणजे दुसरेतिसरे काही नाही, तो भाडे घेणारा काका आहे. आणि काकाची समीक्षा करताना त्याच्या घराला संगमरवर आहे का, हे पाहायचे नसते.

फोनवर तारे वाटणाऱ्या मंडळींचे नेमके इथे चुकते. ‘खोली लहान आहे, एक तारा.’ ‘लिफ्ट नाही, एक तारा.’ अहो, हे म्हणजे अभंगाला महाकाव्याच्या फुटपट्टीने मोजण्यासारखे झाले. अभंग लहान असतोच. त्यात विठ्ठल आहे की नाही एवढे पाहायचे.

आता आशयाकडे वळू. आमच्या खोलीत एक पलंग, एक आरसा आणि एक खुर्ची असते. खुर्ची बॅगेसाठी असते, कारण बॅग जमिनीवर ठेवली तर माणसाने उभे कुठे राहायचे? आरसा अशा उंचीवर ठोकलेला असतो की सव्वापाच फुटांच्या माणसाला स्वतःचे कपाळ तेवढे दिसावे. हेड ऑफिसला निघण्यापूर्वी ते एकदा पाहून घेतलेले बरे. पंख्याच्या रेग्युलेटरवर पाच आकडे असले तरी पंखा दोनच भूमिका घेतो, वादळ किंवा वैराग्य. दारामागे नियमावली लावलेली असते. तिच्यातला पहिला नियम मौल्यवान वस्तूंबद्दल आपल्याला सावध करतो. महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला मुंबईला आलेल्या कारकुनाला तो नियम वाचून जरा बरे वाटते.

‘गरम पाणी ६ ते ९’ हा मजकूर मात्र कल्पित साहित्यात मोडतो. सहा वाजता विचारावे तर पाणी ‘अजून’ तापलेले नसते. साडेआठला विचारावे तर ते ‘आत्ताच’ संपलेले असते. मधल्या अडीच तासांत ते कोणाच्या तरी खोलीत वाहत असते हे निश्चित. तो भाग्यवान मला अठरा वर्षांत भेटलेला नाही.

हे सगळे ठाऊक असून माणसे तिथेच का जातात? याचे उत्तर मला बी.कॉम.च्या पुस्तकात सापडले. विलायतेत लॉर्ड एल्डन नावाचे न्यायाधीश होऊन गेले. त्यांनी १८१० सालच्या एका निकालात गुडविलची व्याख्या केली. तिचा मथितार्थ असा, की जुनी गिऱ्हाइके जुन्याच जागी परत येण्याचा संभव म्हणजे गुडविल. पुढे पुस्तके लिहिणाऱ्यांनी या गुडविलचे एक प्राणिसंग्रहालय केले. कुत्रा मालकाशी इमान राखतो. मालक गेला की त्याच्यामागे जातो. उंदीर ना घराचा ना मालकाचा. मांजर मात्र घराला चिकटते. मालक बदलो, भाडेकरू बदलो, मांजर त्याच पायरीवर. म्हणून गिऱ्हाइकांचे कुत्रा-गुडविल, मांजर-गुडविल आणि उंदीर-गुडविल असे प्रकार आमच्या प्राध्यापकांनी गंभीर चेहऱ्याने फळ्यावर लिहून दिले होते. परीक्षेत त्याला चार मार्क होते. त्याचा अर्थ मला पुढे लॉजच्या काउंटरपुढे उभे राहिल्यावर कळला. आम्ही सगळे मांजरे आहोत. मॅनेजर बदलतो, चादर (क्वचित) बदलते, पाटीवर ‘न्यू’ हा शब्द चढतो. आम्ही त्याच जिन्याने वर जातो. मॅनेजरलाही हे ठाऊक असते. तो आपल्याला पाहून हसत नाही याचे कारण उर्मटपणात शोधू नये. दूध पिऊन जाणाऱ्या मांजराला कोणी ‘पुन्हा या’ म्हणत नाही.

मोक्याच्या जागेचा ताळेबंदही एकदा मांडून पाहिला पाहिजे. समजा, व्हीटीजवळची खोली रात्रीला १,८०० रुपये आहे आणि पनवेलला तशीच, किंबहुना अंमळ बरी खोली १,००० रुपयांना मिळते. वरवर पाहता ८०० रुपये वाचले. आता नावे बाजू लिहा. पनवेलहून व्हीटी हार्बर लाइनने सव्वा तासाच्या वर. जाऊनयेऊन तीन तास धरा, त्यातला निम्मा वेळ एका पायावर. साहेब सकाळी भेटत नाहीत, ‘तीनला या’ म्हणतात. मधल्या वेळात पाठ कुठे टेकायची? पावसात मोजे भिजले तर कोरडे मोजे पनवेलला. एक कागद खोलीवर राहिला तर तो दिवसच खर्ची पडला. उलट जमा बाजूला पाहा. खोलीतून निघून दहा मिनिटांत हेड ऑफिस, तेवढ्याच मिनिटांत जीटी किंवा कामा हॉस्पिटल, थोडे पुढे हायकोर्ट, आणि बसने मंत्रालय. महाराष्ट्रातला माणूस ज्या ज्या कामांसाठी नाइलाजाने मुंबईला येतो, ती सगळी कामे या एवढ्याशा टापूत दाटीवाटीने बसली आहेत. ८०० रुपये खोलीचे नव्हेत, ते या टापूचे आहेत. खोली वर फुकट मिळते, आणि फुकटच्या मानाने ती वाईट नसते.

शिवाय संध्याकाळ असते. काम संपले की साहेब लोक टॅक्सीत बसतात आणि मांजर-गिऱ्हाईक पायी निघते. समोर १८८७ सालचे ते स्टेशन. २००४ पासून जागतिक वारसा असलेली ही इमारत पाहायला लोक समुद्र ओलांडून येतात, आम्ही तिच्या घड्याळात गाडीची वेळ बघतो. व्हीटीची १९९६ साली सीएसटी झाली आणि २०१७ साली नावात ‘महाराज’ आले. आमच्या लॉजच्या कार्डावर मात्र ‘नियर व्ही. टी.’ कायम आहे. तिथून क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा फुले मंडई. आंब्याच्या दिवसांत भाव विचारावा, घेऊ नये, वास घ्यावा आणि परत फिरावे. या फेरफटक्याला तिकीट नाही. पनवेलच्या माणसाला तो परवडत नाही, कारण त्याला शेवटची बरी गाडी गाठायची असते.

या टापूत उतरण्याची परंपराही थोर आहे. लोकमान्य टिळक मुंबईस आले की क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात उतरत. सरदारगृह म्हणजे राजवाडा नव्हे, राहण्या-जेवण्याची सोय असलेले पांथस्थांचे घर. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांनी देह ठेवला तोही तिथेच. ज्याच्या मागे अवघा देश होता, तो पुरुष मुंबईतल्या एका उतरण्याच्या जागेत गेला, हे आठवले की माझ्या खोलीतल्या पंख्याविषयीची माझी तक्रार आपोआप आवाज उतरवते. परक्यांचे उदाहरण हवे तर मार्क ट्वेन १८९६ साली मुंबईत आला तेव्हा काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात उतरला होता. ते हॉटेल साधे नव्हते, इंग्लंडातून लोखंडी सांगाडा आणवून बांधलेले होते. पण त्याच्या प्रवासवर्णनात लक्षात राहतो तो मुंबईचा कावळा. हॉटेल कितीही बडे असो, खिडकीबाहेरचे शहर आत येतेच. आमच्याकडे ते जास्त येते, कारण खिडकी नीट लागत नाही.

इथवर स्तुती झाली. स्तुती करून थांबला तो समीक्षक कसला? प्रस्तावनाकारच तो! तेव्हा आता दोषदिग्दर्शन.

पहिला दोष बारा वाजण्याचा. आमची महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी सातच्या पुढेमागे व्हीटीला पोचते. लॉजचा दिवस दुपारी बाराला सुरू होतो. मधले पाच तास माणूस कोणाचा? सातला खोली घ्यावी तर एक दिवस जादा लागतो. न घ्यावी तर दाढी वाढलेली, तोंडात गाडीतली चव, आणि दहाला हेड ऑफिस. व्याज किती दिवसांचे लावायचे यावरून खातेदार आमच्याशी भांडतात तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात या काउंटरपुढे उभे करतो.

दुसरा दोष दराचा. भिंतीवरच्या फलकावर एक दर, फोनवर दुसरा, आणि रात्री अकराला पावसात भिजून आलेल्या माणसाला तिसरा. सरकारचे तरी पाहा. १,००० रुपयांपर्यंतच्या खोलीला आधी जीएसटी नव्हता, १८ जुलै २०२२ पासून तो १२ टक्के झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांवर आला. पण तो निदान छापून, तारीख घालून होतो. मॅनेजरचा दर आपल्या बॅगेकडे पाहून होतो. अशा वेळी चाके असलेल्या बॅगेपेक्षा कापडी पिशवी किफायतशीर पडते, हा अनुभव नोंदवून ठेवतो.

तिसरा दोष थट्टेचा नाही. एकदा रात्री नऊच्या सुमारास काउंटरवर माझ्यापुढे एक बाई उभ्या होत्या. हातात पिशवी, दुसऱ्या दिवशी कसली तरी खात्याची परीक्षा. आधार कार्ड दाखवले, पैसे पुढे केले. मॅनेजर म्हणाला, “बरोबर जेंट्स कोण?”

“कोणी नाही.”

“एकट्या लेडीजला देत नाही मॅडम आम्ही.”

बाईंनी पिशवीतून हॉलतिकीट काढून रजिस्टरवर ठेवले. म्हणाल्या, “परीक्षेला मी बसणार आहे. जेंट्स बसवायचा असता तर मी कशाला आले असते?”

मॅनेजरने मालकाला फोन लावला. मालकाने आणखी कोणाला तरी विचारले असावे. खोली मिळाली, पण दहा मिनिटांनी. मला ती अडीच मिनिटांत मिळाली, आणि माझ्या चारित्र्याविषयी मॅनेजरला काडीचीही माहिती नव्हती. ही साडेसात मिनिटे कोणत्या खात्यावर टाकायची? एकट्या बाईला खोली देऊ नये असा कायदा या देशात नाही. ही लॉजवाल्यांची स्वतःची पोटनियमावली आहे. काका भाडे घेतो ते समजू शकते. पुतण्याला गादी आणि पुतणीला उलटतपासणी, असा काका मला मान्य नाही.

अशा लॉजची खरी किंमत मला भिंतीतून कळली. भिंत प्लायवूडची होती. पलीकडच्या खोलीत कोणी सोलापूरकडचा गृहस्थ होता. रात्री साडेदहाला त्याने गावी फोन लावला. तो बोलत होता ते मी ऐकत नव्हतो, पण प्लायवूड ऐकवत होते.

“व्हय, जेवलो... रिपोर्ट उद्या मिळतोय... नगं, तू येऊ नगंस, खोली लई बारकी हाय... न्हाई न्हाई, तसं बरं हाय. दवाखाना समोरच हाय. रातच्याला बोलावलं तर चालत पाच मिंटं.”

मी अठरा वर्षांत जे मांडू शकलो नव्हतो ते त्याने तेवढ्यात मांडले. खोली बारकी, दवाखाना समोर. ‘साधे, पण मोक्याचे’ या शब्दांवर याहून चांगले भाष्य कोणी करणार नाही. त्या माणसासाठी मोक्याची जागा ही चैनीची बाब नव्हती. ती पाच मिनिटे त्याने विकत घेतली होती, आणि त्या रात्री मुंबईत त्याच्याकडे तेवढेच होते.

गाडगे महाराजांना हे फार आधी कळले होते. मोठ्या शहरात औषधाइतकीच दवाखान्याजवळ पाठ टेकण्याची गरज असते, हे ओळखून त्यांनी धर्मशाळांसाठी आयुष्य वेचले. परळचे टाटा हॉस्पिटल १९४१ साली सुरू झाले. तिथे बाहेरगावाहून येणाऱ्या रुग्णांना दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आजही आधार देते. पण धर्मशाळांच्या खोल्या मोजक्या आणि येणारी माणसे अमोज. ज्याला धर्मशाळेत जागा मिळत नाही आणि बड्या हॉटेलाच्या दारवानाला सलाम करायचे धैर्य होत नाही, त्याच्यासाठी मध्ये एवढी एकच पायरी आहे. साध्या लॉजची.

आणि ही पायरी सध्या गुळगुळीत होऊ लागली आहे. अधूनमधून एखादा ओळखीचा लॉज ‘नूतनीकरणासाठी बंद’ होतो. सहा महिन्यांनी उघडतो तेव्हा काचेचे दार असते, जिन्यावर जांभळा दिवा असतो, नावात ‘रेसिडेन्सी’ आलेली असते. खोली पूर्वीइतकीच असते, पण आरसा खाली आलेला आणि दर वर गेलेला असतो. मॅनेजर आता हसतो. तो हसला की समजावे, ही जागा आपल्यासाठी राहिली नाही.

समीक्षेच्या शेवटी निष्कर्ष लागतो. आमच्या शाखेत तपासनीस शेवटी ‘पूर्तता करावी’ म्हणून कलमे काढतात, तशी ही काढतो. एक, चादर धुतलेली असावी, नवी नको. दोन, दाराची कडी आतून लागावी. तीन, फलकावरचा दर हाच रात्री अकराचा दर असावा. चार, पहाटेच्या गाडीने येणाऱ्याला बॅग ठेवायला आणि तोंड धुवायला बारापूर्वी एक कोपरा मिळावा. पाच, बरोबर कोण आहे हे कोणालाही विचारू नये; बरोबर कोणी असते तर माणूस लॉजवर कशाला आला असता? या पाचांत संगमरवर कुठेच नाही. पंखा, आरसा आणि गरम पाणी मी माफ करतो. ती येणे बुडीत खात्यात टाकावीत.

एवढे करा आणि बाकी सगळे आहे तसे राहू द्या. खरा काका डोंबिवलीला गेला. निदान हा भाड्याचा काका तरी व्हीटीला असू द्या. त्याने आम्हाला पोहे देऊ नयेत, ख्यालीखुशाली विचारू नये, ओळखसुद्धा दाखवू नये. किल्ली द्यावी. जिना आम्हाला पाठ आहे.